दर आठ मिनिटांनी

१

रविवारी संध्याकाळी पाच वाजता फार्मासिस्ट मॅडमनी औषधकोठारातल्या शीतखोलीचं जाड दार ओढलं. आतून हुडहुडी भरवणारी थंडी यायला हवी होती, पण आला कोमट वारा. भिंतीवरचा आकडा बावीस अंश दाखवत होता आणि तो आठच्या वर जायलाच नको होता. लशींची आणि इन्सुलिनची दोन हजार खोकी एका दुपारभरात कचरा झाली होती.

खोली तापली की एक छोटी अलार्मची पेटी राउटरमार्फत तीन फोनांवर संदेश पाठवायची. तो संदेश बाराच्या सुमाराला जायला हवा होता, तो गेला चार वाजून तेवीस मिनिटांनी. तोवर खोली खुशाल तापत बसली आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

मंगळवारी दुपारी साडेबाराला भिंगरी तिथे पोचली. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती एका जागी पाच मिनिटं टेकली तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची, त्यावरून ते पडलं आणि अडतिसाव्या वर्षीही सुटलं नाही. ती मामाच्या दुकानात सिमकार्डवर चालणारे राउटर तपासून, बसवून देण्याचं काम करायची. निघताना मामा तिला नवा विजेचा बोर्ड दाखवत बसला होता. रविवारी दिवसभर माणूस बोलावून त्याने तो बसवून घेतला होता आणि आल्यागेल्याला दाखवत होता. तिने बोर्डाचं कौतुक केलं, लॅपटॉप उचलला आणि पळाली.

"तुमचं काम फार थोडं आहे," कोठाराचे व्यवस्थापक म्हणाले. गृहस्थ टापटिपीचे होते. टेबलावर एक कागद आणि एक पेन, बास. "राउटर चांगला आहे, तो कुणीतरी हाताने बंद केला होता, एवढं लिहून द्या. तीन वाजता बैठक आहे. त्यात निर्णय होईल."

"कसला निर्णय?"

त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. बोळातल्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. रविवार, अकरा वाजून त्रेपन्न मिनिटं. एक वयस्क माणूस कपाटामागे वाकतो आणि भिंतीतल्या सॉकेटमधून राउटरची पिन ओढून काढतो. पुढचं त्याच्या पाठीआड झाकलेलं होतं.

इथला राउटर तिनेच बसवला होता, त्यामुळे भिंगरीने त्या पाठीवरून माणूस ओळखला. कोठीकाका. सव्वीस वर्षं या कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारे, आणि चार महिन्यांत निवृत्त होणारे.

"तीन वाजता त्यांना काढून टाकतोय," व्यवस्थापक म्हणाले.

२

भिंगरीला उभ्या उभ्या विचार करायची सवय होती. खरं म्हणजे चालता चालता. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने चार फेऱ्या मारल्या. हिशेब व्यवस्थापकांच्या बाजूने होता, हे तिला कबूल करावं लागलं. खोलीने मर्यादा ओलांडली बारा वाजून पाचला. काकांनी पिन काढली त्याआधी बारा मिनिटं. सव्वाचारला काका त्याच कोपऱ्यात पुन्हा दिसतात, आणि त्यानंतर आठ मिनिटांत संदेश जातो. पिन काढली, चार तास बाहेर ठेवली, घरी जाताना परत घातली. चोख.

फार चोख होतं, म्हणून तिला ते टोचत होतं.

शीतयंत्राचा कारागीर मागच्या अंगणात जळका स्विच हातात घेऊन बसला होता. सगळे त्याला थंडीमास्तर म्हणत.

"ताई, दोष माझाच," तो आपणहून म्हणाला. "शनिवारी मीच हा नवा घातला. रविवारी पावणेअकराला जळला आणि थंडी थांबली. लेखी दिलंय मी तसं."

"मग संदेश न गेल्याचा फायदा तुम्हाला काही?"

"फायदा?" तो हसला, पण ते हसणं रडवेलं होतं. "बाराला संदेश आला असता तर पाऊण तासात मी स्विच बदलून दिला असता. चूक झाकली गेली असती ताई. संदेश आला नाही म्हणून तर गावभर झाली."

फार्मासिस्ट मॅडमची कथा निराळी होती. या बाईंनी मागच्या महिन्यात दोनदा तक्रार केली होती की अलार्म उगाचच वाजतो, माझा नंबर त्यातून काढा.

"हो, केली होती," त्या खोकी मोजता मोजता म्हणाल्या. टाकून द्यायच्या मालाची यादी चालली होती. "जेवायला बसलं की संदेश. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की संदेश. वैताग येतो अगं. पण म्हणून मी दोन हजार खोकी कुजवीन का? उद्या सहा दवाखान्यांना मी काय तोंड दाखवू?"

"रविवारचा संदेश आहे अजून?"

त्यांनी फोन पुढे केला. 'मर्यादा ओलांडली १२:०५.' खाली पोचल्याची वेळ, ४:२३.

"काकांनी केलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

मॅडमनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "पूर्वी काका दर तासाला तपमान वहीत लिहायचे," त्या म्हणाल्या. "अलार्म बसवला आणि साहेबांनी वही बंद केली. म्हणाले, आता यंत्र बघतंय, माणसाने कशाला बघायचं. तेव्हापासून काका त्या राउटरकडे सवतीसारखे बघतात. पण ते हे करतील? मला नाही वाटत. आणि कॅमेऱ्यात तर दिसतात."

घड्याळात सव्वा वाजला होता. बाहेरच्या खोलीत कोठीकाका एका खुर्चीवर, गुडघ्यावर कागद ठेवून काहीतरी लिहीत होते.

३

"हो, काढली मी पिन," काका म्हणाले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"का काढली?"

"त्याचे दिवे विझत होते आणि लागत होते. सकाळपासून. मी नाश्ता करून आलो तेव्हा विझले, मग लागले. वर्तमानपत्राची दोन पानं होतात न होतात तो पुन्हा तेच. मला वाटलं अडकलाय. इथे काहीही अडकलं की काढून घालायचं, हेच शिकलोय आम्ही. पंखा, छपाईयंत्र, सगळं."

"आणि परत कधी घातली?"

"लगेच. मिनिटभर थांबलो असेन. पण काही फरक पडला नाही, दिवे आपले तसेच. मग म्हटलं, मरू दे, आपल्याला काय कळतं त्यातलं. सव्वाचारला घरी निघताना एकदा वाकून बघितलं, तेवढंच." त्यांनी गुडघ्यावरचा कागद सारखा केला. "पोरी, मला सांग. माझ्या त्या काढण्याने आतलं काहीतरी बिघडलं असेल ना? दोन दिवस मी तोच विचार करतोय. सहा दवाखान्यांचं औषध गं ते."

तिने कागदाकडे पाहिलं. राजीनामा होता. 'माझ्या हातून घडलेल्या चुकीमुळे' इथवर लिहून झाला होता.

"काका, हे अर्धंच ठेवा जरा," ती म्हणाली. "रविवारी तुमच्या फोनला रेंज होती?"

"होती की. दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला होता. अर्धा तास बोललो. एकदाही तुटला नाही."

"सिम कुठलं?"

काकांनी कंपनीचं नाव सांगितलं. राउटरमध्येही त्याच कंपनीचं होतं.

म्हणजे टॉवर ठणठणीत होता. मग राउटरला कसला झटका येत होता? भिंगरी कपाटामागे शिरली, लॅपटॉप जमिनीवर ठेवला आणि वायर जोडली. हा स्वस्तातला राउटर फार बोलका नव्हता. आपण केव्हा सुरू झालो, एवढीच वेळ तो टिपून ठेवायचा. का बंद पडलो हे लिहायची त्याला अक्कल नव्हती.

पिन चार तास बाहेर असती तर रविवारी एखाददुसरी नोंद मिळायला हवी होती. तिने पडद्यावर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली आणि मोजतच राहिली.

रविवारी राउटर सत्तेचाळीस वेळा सुरू झाला होता.

४

दहा वाजून पाच. दहा तेरा. दहा एकवीस. दहा एकोणतीस. तिने शेजारी फरक मांडला. आठ, आठ, आठ. अकरा एकोणपन्नासपर्यंत सगळे आठ. मग एकदाच पाच मिनिटं, अकरा चोपन्नला. ते काका, त्रेपन्नला काढली, चोपन्नला घातली. त्यानंतर पुन्हा आठ, आठ, आठ, थेट चार वाजून दहा मिनिटांपर्यंत. मग शांत.

माणसाचा हात असा चालत नाही. माणूस सहा मिनिटांनी उठेल, अकरा मिनिटांनी उठेल, मधेच चहा पिईल. सकाळी दहा ते दुपारी चार, दर आठ मिनिटांनी न चुकता उठणारं या कोठारात एकच होतं, आणि ते तिच्या समोर हिरवे दिवे लावून बसलं होतं.

प्रत्येक राउटरमध्ये ती एक छोटा राखणदार बसवून द्यायची. त्याचं काम साधं. दर मिनिटाला त्याने बाहेरच्या एका ठरलेल्या पत्त्याला हाक मारायची. ओ आली तर ठीक. सलग पाच हाकांना ओ आली नाही, तर इंटरनेट गेलं असं समजून राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा. उठायला त्याला तीन मिनिटं लागायची. पाच आणि तीन, आठ.

आणि अलार्मची पेटी? ती मुळात सावध. राउटर उठला की दहा मिनिटं थांबायची, लाइन स्थिर झाली ना हे बघायची आणि मगच संदेश सोडायची. दहा मिनिटं त्या दिवशी तिला मिळालीच नाहीत. बारा पाचचा संदेश हातात धरून ती बिचारी ताटकळत राहिली, आणि तिची पाळी यायच्या आत राउटर झोपत राहिला. चार वाजून तेरा मिनिटांनी तो शेवटचा उठला आणि टिकला. त्यात दहा मिळवले की चार तेवीस.

कुंपणच शेत खात होतं. इंटरनेट गेलं तर परत आणण्यासाठी ठेवलेला राखणदारच दिवसभर इंटरनेट तोडत होता. आणि इंटरनेट गेलेलं नव्हतं. काकांची लेक अर्धा तास बोलत होती.

मग राखणदाराला ओ का मिळाली नाही? एकच कारण उरत होतं. ज्याला तो हाक मारत होता, तोच रविवारी दहा ते सव्वाचार जागेवर नव्हता.

पत्ता कुणाचा होता?

तिने सेटिंग उघडलं. चार आकड्यांचा गट, मधे टिंबं. तिने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला. हा पत्ता तिला शोधावा लागणार नव्हता. आठ वर्षं ती त्याच्या समोर बसत होती.

तो दुकानातल्या तिच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पत्ता होता.

५

चोर समोर आला की तपास करणाऱ्याला बरं वाटतं म्हणतात. भिंगरीला कपाटामागून बाहेर येववेना.

सगळं आठवलं, आणि लख्ख आठवलं. आठ महिन्यांपूर्वी बारा राउटर एकदम तयार करायचे होते. राखणदार नीट चालतो का हे बघायला ती आधी आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता घालायची. मग कॉम्प्युटरची वायर उपटायची, म्हणजे हाकेला ओ बंद, आणि राउटर आपोआप उठतो का हे बसल्या जागी दिसायचं. बाराच्या बारा झकास उठले. तिने खूश होऊन प्रत्येकावर 'चाचणी झाली' अशी चिठ्ठी डकवली आणि खोक्यात भरले. चाचणीनंतर तो पत्ता काढून कधीही बंद न पडणारे दोन पत्ते घालायचे असतात, ते राहून गेलं. चाचणी इतकी छान झाली होती की पुढचं काही उरलंय असं वाटलंच नाही.

तिचा कॉम्प्युटर कधी बंद नसायचा, म्हणून आठ महिने काही बिघडलं नाही. रविवारी बोर्ड बदलायला माणूस आला. दहा वाजता तिनेच कॉम्प्युटर बंद केला आणि मेन स्विच पाडला. सव्वाचारला तिनेच परत लावला. चांगली व्यवस्थित, जबाबदार मुलगी.

तिने मामाला फोन लावला. मामाने ऐकून घेतलं. वडील गेल्यावर ज्याने तिला दुकानात बसवलं, स्क्रू-ड्रायव्हर धरायला शिकवलं, तो हा मामा; तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"कुणाला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"अजून नाही."

"मग ऐक. तुझा कॉम्प्युटर मी आत्ताच काढून माळ्यावर ठेवतो. तो पत्ताच उरला नाही तर कोण विचारणार? तू तिथला बदल आणि ये."

"ठेव." हा शब्द तिच्या तोंडात आला होता, आणि तेवढ्यात तिला बारा हा आकडा आठवला. "मामा, थांब. हात लावू नकोस त्याला. मामा, ऐकतोयस?"

"वायर काढतोय, बोल."

"बारा होते, मामा. इथे एक आहे. अकरा अजून बाहेर आहेत. दूध थंड ठेवायची टाकी आहे, माशांचे हौद आहेत, पाण्याचा पंप आहे. ते सगळे या क्षणी तुझ्या हातातल्या कॉम्प्युटरला हाका मारतायत. रविवारी ते अकराही दिवसभर असेच उठत-झोपत होते. तिथे त्या दिवशी काही बिघडलं नाही, एवढंच आपलं नशीब. तू वायर काढलीस तर पाच मिनिटांत पुन्हा सुरू होईल."

पलीकडून प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक बसल्याचा बारीक आवाज आला. वायर परत जागी गेली होती.

"बरं," मामा म्हणाला. त्याचा आवाज म्हातारा झाला होता. "मग असं कर. उद्यापासून एकेका ठिकाणी जाऊन गुपचूप पत्ते बदल. सर्व्हिसिंगला आलेय म्हण. दुकानात बसून तर त्या सिमवरच्या राउटरमध्ये शिरता येत नाही. आणि इथे लिहून दे की पिन हाताने निघाली. ते खोटंही नाही; काढलीच होती त्यांनी. त्या माणसाचे चारच महिने राहिलेत. आपलं दुकान आहे, भिंगरी. सहा माणसं जेवतात त्याच्यावर."

पावणेतीन वाजले होते. मामाचं बोलणं वेड्यासारखं नव्हतं, हीच पंचाईत होती. कपाटाच्या फटीतून तिला काका दिसत होते. त्यांनी कागद पुरा केला होता, खाली सही केली होती आणि आता तो चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवत होते. त्यांना कुणी फसवत नव्हतं. त्यांना ते खरंच वाटत होतं. ती गप्प राहिली असती तर हा माणूस जन्मभर मनात तेच धरून बसला असता.

"मामा," ती म्हणाली, "मी सांगणार आहे."

त्याने फोन ठेवला. तो रागाने ठेवला की कसा, हे तिला कळलं नाही.

६

तीन वाजता टेबलाभोवती पाच जण होते. भिंगरी बसली नाही. तिने राउटर सुरू झाल्याच्या सत्तेचाळीस वेळा ओळीने वाचून दाखवल्या. आठ, आठ, आठ ऐकून थंडीमास्तर मान हलवायला लागला. यंत्रं त्याला कळायची. पाच मिनिटांची ती एकच वेडी ओळ दाखवून ती म्हणाली, "हे काका. यांनी पिन काढली नसती तरी संदेश गेला नसता. आणि चार तास काढून ठेवली असती, तर ही पुढची बत्तीस वेळांची यादी झाली नसती. काका मिनिटभर त्याला मदत करायला गेले होते. एवढाच त्यांचा गुन्हा."

"मग कुणी केलं?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली, आणि पत्त्याची, चाचणीची, रविवारच्या मेन स्विचची सगळी हकीकत तिने न थांबता सांगितली. तिला लाज वाटत होती, आणि ती तिने लपवली नाही.

व्यवस्थापकांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "तुम्हाला कळतंय ना, हे लिहिलंत तर तुमच्या दुकानाचं आमच्याकडचं काम आज संपेल? सोयीचा कागद मी तुमच्यासमोर ठेवला होता."

"कळतंय."

"चोर सोडून संन्याशाला फाशी देणार होतो की आपण," मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि साहेब, वही बंद करायचं कुणी ठरवलं, तेही त्या कागदावर येऊ दे."

टेबलावरच्या एकुलत्या कागदावरची काकांना काढण्याची ओळ व्यवस्थापकांनी खोडली.

काका मात्र सगळ्यांना सोडून भिंगरीकडे बघत होते. "म्हणजे माझ्या हाताने नाही?" त्यांनी विचारलं. "नक्की?"

"नक्की, काका."

"मी पिन काढलीच नसती, तरी?"

"तरी."

त्यांनी खिशातली घडी काढली, फाडली आणि तुकडे दोन्ही मुठींत धरून बसले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसेच राहू दिले.

ती बाहेर आली तेव्हा साडेतीन झाले होते. इथला पत्ता बदलून झाला होता. उरले अकरा. संध्याकाळच्या आत सगळ्यांना सांगायला हवं होतं की आमच्या अलार्मवर विसंबू नका, मी येईपर्यंत माणूस बसवा. तिने यादी काढली, पहिल्या नंबरावर बोट ठेवलं आणि तिला फोन लावता येईना. एकदा सांगून झालं होतं, तर अकरा वेळा सांगायला काय हरकत होती? पण रिंग जायच्या आत तिने दोनदा फोन तोडला.

तेवढ्यात मामाचा फोन आला. "कॉम्प्युटरपाशी खुर्ची टाकून बसलोय," तो म्हणाला. "हलत नाही इथून. तुझं होऊ दे." एवढंच बोलून त्याने ठेवला.

कोठीकाका शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. त्यांनी चष्मा लावला, यादी आपल्याकडे ओढली आणि स्वतःच्या फोनवर एकेक आकडा दाबत पहिला नंबर लावला. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं.

"नमस्कार," काका म्हणाले. "तुमच्याकडे राउटर बसवलाय ना, त्याबद्दल बोलायचं होतं. आमच्याकडून एक चूक झाली आहे."